आईंचं राहून गेलेलं प्रभुभोजन

माझी मुलगी शीतल गेली, त्यानंतरही मी दर रविवारी देवळात जात राहिले. पण प्रार्थना करणं मी सोडून दिलं होतं. हे कोणाला सहज कळण्यासारखं नव्हतं. सगळे उभे राहिले की मी उभी राहायची, गुडघे टेकले की टेकायची, ओठही हलवायची. फक्त प्रभुभोजनाच्या वेळी, येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेताना, ते उघडं पडे. बाकीचे वेदीपुढच्या कठड्याशी जात आणि मी बाकावर बसून राही. शीतल कॉलेजात होती. साधा ताप म्हणून दोन गोळ्या दिल्या, तो डेंग्यू निघाला. ती अकोल्याच्या दवाखान्यात होती तेव्हा आमच्या मंडळीतली माणसं आळीपाळीने देवळात बसून तिच्यासाठी विनवणी करत होती. म्हाताऱ्या बायासुद्धा उपाशी बसल्या. तरी ती गेली. मग मला मागण्यासारखं काही उरलं नाही, आणि ज्याच्याकडे मागायचं त्याच्याशी बोलावंसंही वाटेना.

आमची मंडळी म्हणजे खामगावातल्या आमच्या जुन्या अँग्लिकन देवळाची माणसं. वेगवेगळ्या पंथांच्या चर्चची एकी झाली तेव्हा पाटीवरचं नाव बदललं, पण वडीलधारी माणसं अजून स्वतःला अँग्लिकनच म्हणवतात. कापसाला सोन्याचे दिवस होते त्या काळी, गोऱ्या साहेबांच्या वेळी, हे दगडी देऊळ उभं राहिलं. माझ्या सासूबाई लग्न होऊन या वस्तीत आल्या तेव्हा बाकं पुरत नसत, बायका खाली सतरंजीवर बसत. कापसाच्या जिनिंग कारखान्यातले कारकून, रेल्वेतली माणसं, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, वसतिगृहातली पोरं. पुढे दवाखाना बंद पडला, मग वसतिगृह. शिकलेली मुलं पुण्याला, नागपूरला गेली आणि तिकडचीच झाली. पाळकघराला कुलूप लागलं. आता बुलढाण्याहून पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात आणि तेव्हाच प्रभुभोजन होतं. एरवी माझा नवरा विजय उपासना वाचतो. मागच्या बाकांवर चिमण्यांची घाण पडलेली असते, कारण तिथे आता कोणी बसत नाही. एखाद्या रविवारी गाणं सुरू केलं की आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत येतो. त्या आवाजाने मला भीती वाटायची. वाटायचं, आपण एका विझत चाललेल्या घरात बसलो आहोत आणि हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी बोलत नाही.

सासूबाईंना मी आई म्हणायची. वस्ती त्यांना मार्थाबाई म्हणे. वेदीवरची पांढरी कापडं धुऊन, खळ घालून, कोळशाच्या इस्त्रीने कडक करायचं काम त्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मी प्रभुभोजन घेत नाही यावर मंडळीत कुजबुज झाली, आधीच्या पाळकांनी मला समजावूनही पाहिलं. आई मात्र गप्प राहिल्या. एकदाच, देवळातून घरी चालत येताना, त्या म्हणाल्या होत्या, "तू नोको घेऊ बापा, मन नसंल तं. मी तुह्या वाटचं बी मांगून घेतो." मी भरभर पुढे निघाले. मला त्यांचा राग आला होता, कारण शीतल त्यांचीही नात होती आणि त्यांचा देव तसाच शाबूत राहिला होता.

यंदा इस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याच्या सुमारास आईंनी अंथरूण धरलं. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी विजयला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, त्यांना जे आवडेल ते द्या. आईंना काही आवडेनासं झालं होतं. पेज दोन चमचे जायची. पाय सुजले, बोलणं तुटक झालं. बाहेर ऊन चढायला लागलं होतं, दुपारी धुळीचा वारा सुटायचा आणि पत्रे वाजत राहायचे. मी त्यांच्या उशाशी बसून पंख्याकडे बघत असायची. विजय कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "कशी आहे?" आणि मी मान हलवायची.

एका दुपारी त्यांनी माझा पदर धरला. "मले प्रभुभोजन पायजे वं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरले नोको बलावू आता. पाळकाले बलाव."

त्याआधीच्या महिन्यात त्या दवाखान्यात होत्या, त्यामुळे त्यांचं प्रभुभोजन चुकलं होतं. मी फोन केला. पाळकसाहेब तरुण आहेत, नुकतेच या भागात आले आहेत. म्हणाले, "उद्या सकाळीच निघतो. आजींना सांगा, मी येतोय." मी तसं सांगितलं. आईंचा चेहरा इतका सैल झाला की मला त्यांचा हेवा वाटला. एक भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षारस. त्यासाठी हे शरीर तग धरून होतं. मला वाटलं, माझं मरण येईल तेव्हा मी कशासाठी थांबेन?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना पुसून काढलं, धुतलेलं पातळ नेसवलं. त्यांच्या सांगण्यावरून स्टुलावर पांढरं कापड घातलं. त्या दाराकडे तोंड करून पडून राहिल्या. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने मोटरसायकलवर यायला फार वेळ लागत नाही. पण ऊन चढलं, वस्तीतल्या नळाचं पाणी येऊन गेलं, तरी पाळकसाहेबांचा पत्ता नाही. फोन लागेना. घाटात जंगल आहे, तिथे कोणाचाच फोन लागत नाही. विजयला घरात बसवेना. "मी चौकात जाऊन बघतो," म्हणून तो निघाला.

"आले का?" आईंनी विचारलं.

"निघालेत, आई. वाटेत आहेत."

थोड्या वेळाने परत, "आले का वं?" मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. श्वास बदलला होता. मध्येच थांबायचा, मग खोल विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. मी हात धरला, तर त्या पुटपुटल्या, "तूच म्हन. प्रार्थना म्हन."

घरात दुसरं कोणी नव्हतं. प्रभूने शिकवलेली प्रार्थना, जी मी बोलायला लागल्यापासून म्हणत आले, ती मी कितीतरी काळानंतर आवाज काढून म्हणायला लागले. पहिले शब्द आले. मग ती ओळ आली, जिच्यात आपण देवाला म्हणतो की तुझ्या मनात असेल तसं होऊ दे. आणि मी तिथेच थांबले. मला शीतलचा चेहरा दिसला, तिच्या नाकातली नळी दिसली. त्या ओळीला मी हो कशी म्हणू? मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला घेतलं, पुन्हा तिथेच अडले. आई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, घाईनेही नाही. त्या बघत होत्या आणि मी अडलेली होते, आणि त्यातच त्यांचा पुढचा श्वास आला नाही.

मी रडले नाही. शीतलच्या वेळीही मी रडले नव्हते. त्यांचे डोळे मिटवले आणि बसून राहिले. एवढंच मनात आलं, की देवा, एका म्हातारीने एवढीशी गोष्ट मागितली होती, तीही तुला देता आली नाही.

तेवढ्यात दारात पिकअप गाडी येऊन थांबली. मागच्या हौद्यात मोटरसायकल आडवी बांधलेली. पाळकसाहेब उडी मारून उतरले, झोळी छातीशी धरलेली, कपडे धुळीने माखलेले. त्यांच्यामागे गाडीचा चालक उतरला, चाळिशीचा, गळ्यात गमछा. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "आई आत्ताच गेल्या."

पाळकसाहेब जागच्या जागी थांबले. मग आत गेले. आणि तो अनोळखी माणूस आमच्या ओट्यावर मटकन बसला, दोन्ही हातांत डोकं धरलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

मला काही समजेना. मी पाणी आणून दिलं. त्याने तांब्या हातात धरला, पण प्यायला नाही. "ताई, म्या गाडी लय हाणली हो," तो म्हणाला. "पाळकसायेब घाटात पंक्चर होऊन उभे होते. गाड्या जाऊन राह्यल्या होत्या, कोनी थांबत नव्हतं. मी थांबलो. थे म्हनले, एक माय मरून राह्यली, तिले भेटाचं हाय. मी म्हनलो बसा." मग त्याने तांब्या खाली ठेवला. "माही माय गेली तवा मी सुरतेले होतो, कामावर. आलो तं सारं आटपलं होतं. मले वाटलं आज तरी टायमावर पोचीन. आजबी उशीरच झाला."

त्याचं नाव गजानन. पिंपळगाव राजा या गावचा शेतकरी, बुलढाण्याला भाजीपाला टाकून परत निघाला होता. त्याने माझ्या सासूला कधी पाहिलं नव्हतं. देवळाशी, आमच्या देवाशी त्याचं काही नातं नव्हतं. आणि तो आमच्या ओट्यावर बसून माझ्या माणसासाठी रडत होता, जसं मला रडता आलं नव्हतं. त्याच्या शेजारी मी कधी खाली बसले ते आठवत नाही. एवढं आठवतं की माझ्या आतून आवाज आला, तो मला स्वतःचा वाटला नाही, आणि मग तो थांबेना. आईंसाठी सुरू झालं, पण मी शीतलला हाक मारत होते. शेजारच्या बाया धावून आल्या. विजय चौकातून परत आला तेव्हा त्याला वाटलं, मला काही झालं. मग त्याला कळलं, आणि तोही भिंतीला टेकून खाली बसला.

पाळकसाहेबांनी आईंच्या देहाजवळ उभं राहून त्यांना देवाच्या हाती सोपवलं. नंतर मला म्हणाले, "ताई, ज्याला मनापासून घ्यायचं असतं आणि घेता येत नाही, तो उपाशी राहत नाही, असं आपली मंडळी पूर्वीपासून मानते. आजींना ते मिळालं आहे." मी म्हणाले, "मला माहीत नाही." ते म्हणाले, "मलाही दिसत नाही. पण मी तसं मानतो." मग विचारलं, "मी हे घेऊन आलोय. तुम्ही घ्याल?"

मी हो म्हणाले. माझा काही विश्वास परत आला होता म्हणून नाही. दुसरं काही हातात उरलं नव्हतं म्हणून. आईंच्या पलंगाशेजारी, त्यांच्यासाठी घातलेल्या पांढऱ्या कापडावर त्यांनी भाकर मोडली. प्रार्थनेत ती ओळ आली तेव्हा विजय आणि पाळकसाहेब दोघंही म्हणत होते, आणि त्यांच्या आवाजात माझाही आवाज निघून गेला. जड वस्तू उचलायला दुसऱ्या कोणी खालून हात लावावा तसं. भाकर कोरडी होती, गिळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी माती दिली. मंडळीतले उरलेले पुरुष म्हातारे, पेटीला खांदा द्यायला माणसं कमी पडत होती. शेजारच्या बौद्ध घरांतली मुलं पुढे आली, आणि सकाळीच पिंपळगावहून गजाननभाऊही आले होते. कबरस्तानात गाणं म्हटलं तेव्हा आवाज क्षीणच होता.

या सगळ्याला चमत्कार म्हणावं असं मला वाटत नाही. आईंनी जे मागितलं ते त्यांना वेळेवर मिळालं नाही. पंक्चर व्हायचं ते झालं. देवळाची अवस्था तीच आहे. आमच्यानंतर त्याचं दार कोण उघडेल, हे आम्हाला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मला उमगली. शरण जाणं म्हणजे मन राजी होणं, असं मी समजत होते, आणि माझं मन राजी होत नव्हतं म्हणून मी लांब बसत होते. आता वाटतं, माणूस राजी नसतानाही शरण जाऊ शकतो. फक्त आपण एकट्याने उभं राहण्याचा हट्ट तेवढा सोडायचा. माझा हट्ट एका परक्या माणसाच्या रडण्याने सुटला. त्याला कोणी पाठवलं, हे मी विचारत नाही. तो थांबला, एवढं मला पुरेसं आहे, आणि त्यासाठी मी रोज उपकार मानते.

मध्यंतरी गजाननभाऊंचा फोन आला. जरा अवघडूनच बोलले. "ताई, तुमच्या देवळात मेलेल्या मानसाचं नाव घेतेत म्हने. माह्या मायचं घेता येईन का? मी तिच्या टायमाले नव्हतो, तं कुठंतरी घेतलं जावं वाटते."

"काय नाव आईंचं?"

"अनसूया."

मी पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "का नाही?" पाळकसाहेब यायचे होते त्या रविवारी गजाननभाऊ आले. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले. मी आत बोलावलं तर म्हणाले, "इथंच बरा हाय." विजयने धरून आणलं आणि आपल्या शेजारी बाकावर बसवलं. मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली. पाळकसाहेबांनी मार्थाचं नाव घेतलं, शीतलचं घेतलं, आणि मग अनसूया म्हणाले. त्या बाईला आमच्यापैकी कोणीही कधी पाहिलं नव्हतं. आम्ही थोडीच माणसं होतो, पण सगळ्यांनी तिच्यासाठी आमेन म्हटलं. गजाननभाऊंनी गमछा तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पुढे बघत राहिले, आणि सगळे थांबल्यावर माझ्या लक्षात आलं, की आमेन म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.