पिकू दे म्हणणारे मामंजी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, घाईचा मनापासून तिटकारा होता. तहसिलीत पेशकाराची कारकुनी करण्यात त्यांचा जन्म गेला. "मिसल पिकल्याबिगर साहेबापुढं ठेवायची नसती," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मिसल म्हणजे कागदांची फाईल. ती ते आंब्यांसारखी अढी घालून ठेवत. कित्येक अर्जदार पिकले, मिसली काही पिकल्या नाहीत.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमचं सगळं मुरुड गाव खूश झालं. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले ना! मामंजी तेवढे म्हणाले, "नवा जिल्हा हाय. अजून कच्चा हाय. बघू." पुढं पावसानं पाठ फिरवली. टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या आम्हा बायकांनाही ओट्यावरून सल्ला मिळायचा, "जल्दी काय हाय?"

शिवारात काही पिकेना, तेव्हा आमच्या घरात मोतीबिंदू पिकायला लागला. पिकल्यावरच काढायचा असतो, असं तेव्हा सगळेच सांगत. मामंजी तर हरखूनच गेले. आपल्या खात्याची अक्कल डॉक्टरांपर्यंत पोचली, असंच त्यांना वाटलं असावं. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "पिकू दे की, सूनबाई."

याच सुमाराला त्यांनी माझ्यावर आरोप ठेवला. "चटणी वाढायची पद्धत बंद झाली का ह्या घरात?" चटणी ताटात होती, नेहमीसारखी डावीकडे. मी ताट फिरवून दिलं की सापडायची. मग डाव्या अंगाची चौकट त्यांना लागायला लागली. दोष अर्थातच सुताराचा होता.

शेवटी ह्यांनी त्यांना जवळजवळ उचलूनच लातूरच्या दवाखान्यात नेलं. मीही सोबत होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, दाब मोजला आणि म्हणाल्या, "आजोबा, उजव्यात मोतीबिंदू आहे, तो काढू. डाव्यात मात्र काचबिंदू आहे. आतला दाब वाढून नस सुकली. ती नजर आता येणार नाही."

"अजून पिकला नसंल," मामंजी म्हणाले.

"काचबिंदू पिकत नसतो, आजोबा. तो दुखतही नाही. कडेकडेनं नजर खात जातो. लवकर आला असतात तर थेंबांवर राखता आली असती."

मामंजींनी उजवा डोळा तळहातानं झाकून पाहिला, मग हात खाली घेतला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा बरेच दिवस डोकं न हलवता पडून राहावं लागे, आणि त्या कामात मामंजींचा हात कोण धरणार! बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून ते घरी आले. निघताना बाईंनी बजावलं होतं, हा आजार रक्तातून पुढं उतरतो, मुलालाही तपासा. हे शाळामास्तर. म्हणाले, "मला सगळं स्वच्छ दिसतंय. सुट्ट्या लागल्या की बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामंजी जोडे घालून दारात उभे. "ऊठ. आताच्या गाडीनं जायचं."

"अहो, पण मला काही त्रास नाही."

"मलाबी न्हवता."

त्याच गाडीनं दोघं गेले. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला निघाला. मामंजींनी आयुष्यात न पिकवता पुढं सरकवलेली ही एकच मिसल.

मामंजी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ह्यांचे थेंब अजून चालू आहेत. चुकले की मी मामंजींच्या आवाजात हाक मारते. मध्यंतरी ह्यांनाही मोतीबिंदू झाला. तो पिकायची वाट कुणी पाहिली नाही. बारीकशी चीर, आत घडी घातलेलं भिंग, आणि संध्याकाळी घरी येऊन चहा. मामंजींचा यावर विश्वास बसला नसता. फार आठवण झाली त्या दिवशी.

चटणी मी अजून डावीकडेच वाढते. ह्यांना ती दिसते. वर तिखट कमी पडलं म्हणून सुनावतातही. मी ऐकून घेते.