रुबीनाने निवडलेला आवाज

रुबीनाला जन्मापासून दिसत नाही. निघोज्यातल्या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ती गिऱ्हाइकांच्या तक्रारींच्या मेलना उत्तरं देते. मेल वाचून दाखवायला तिने बरीच सॉफ्टवेअर वापरून बघून एक मोफतचं निवडलं होतं. त्याचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा, पण कितीही भरभर पळवलं तरी शब्द न् शब्द सुटा.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली. रुबीनाच्या कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार पडला आणि मॅनेजर दिग्विजय सरांनी सगळ्यांना गोळा करून त्यावर नवीन, महागडं सॉफ्टवेअर चालू केलं. तिला विचारलं कुणीच नव्हतं. त्यातली एक गोड आवाजाची बाई लाडालाडाने मेल वाचू लागली. टाळ्या पडल्या. एक मेल संपता संपेना, तशी रुबीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं जुनं कुठंय?"

"काढून टाकलं," सर म्हणाले. "फुकटातलं ते. त्याची बडबड इथं कळायची कुणाला?"

"मला कळायची."

"अगं, पण आम्हाला नको का कळायला?"

रुबीनाने चाचपून हार काढला आणि सरांचा आवाज आला तिकडे धरला. त्यांना तो घ्यावाच लागला. पर्समधल्या पेनड्राइव्हवर तिचं जुनं सॉफ्टवेअर होतंच; तिने तो लावला, हेडफोन चढवले. मग हात लांब करून स्क्रीनचं बटण बंद केलं.

"ही स्क्रीन पण तुमच्यासाठीच चालू होती," ती म्हणाली आणि पुढचा मेल उघडला.