इस्फहानच्या बदल्यात स्टोअर

लढाईच्या दिवसांत आमचे घमापूर मोहल्ल्यातले एक शेजारी फॅक्टरीत माझ्या बाजूच्याच लेथ मशीनवर होते. जुन्या इराणातल्या काकुयी नावाच्या एका लहानशा मांडलिक घराण्याचा इतिहास ते कुणालाही, न विचारता सांगत. बेंचवर सांडलेल्या तेलात बोटानं दोन शहरं काढत. "सुलतानानं काकुयींना हरवून इस्फहान घेतलं अन् बदल्यात यझद दिलं. यांनी ‘का, काहून?’ म्हटलं नाही. मान झुकवली अन् यझद नीट सांभाळलं, भाऊ." लेथच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता, म्हणून ते कधीपासून शांत स्टोअरमध्ये बदली मागून राहिले होते.

त्यांच्या नादानं मी फोरमनला सुलतान म्हणू लागलो. एकदा तो येताना दिसला, तसा मी लेथच्या आवाजावर आवाज चढवून ओरडलो, "सुलतान आला, झुका!" नेमकी तेव्हाच वीज गेली. अख्ख्या शेडमध्ये मी एकटाच ऐकू आलो.

"कौन सुलतान?" फोरमननं विचारलं. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

शेजारी हात पुसत पुढे आले. "बड़े दिल का था, साहब. जिसको हराया, उसको भी अच्छा शहर दिया."

फोरमन खुलला. "अच्छा! तो इसको क्या दें?"

"स्टोर दे दीजिए."

अन् स्टोअर मला मिळालं. पाळीची सुटी झाल्यावर मी म्हटलं, "अहो, स्टोअर तर तुम्हाला पाहिजे होतं!"

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला, मी पुन्हा ओरडलो.

"हरले तर तुम्ही होते ना?" ते म्हणाले. "चला, आता नीट राज्य करा."