अर्धा ट्रक सामान

भय्याजी खोब्रागडे मार्चअखेर भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि रुआबांध्याचं कंपनीचं क्वार्टर सहा महिन्यांत सोडायचं ठरलं. एकुलता मुलगा सुगत पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, ‘बाबा, आता इकडंच या.’ बोलणं दोन मिनिटांचं. पण भरलं घर हजार किलोमीटर लांब न्यायचं म्हणजे काय, हे कोणाला तरी बसून ठरवावं लागतं. ते काम अंगावर घेतलं भय्याजींच्या धाकट्या बहिणीनं, अंजनाबाईनं.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढले. सुगत आणि मी एका वर्गात. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून मीही आत्याच म्हणायचे, अजूनही म्हणते.

आत्या मूळची अर्जुनीकडची. लग्न होऊन तिला दोनच वर्षं झाली होती, तेव्हा इकडे वहिनी आजारी पडली. महिनाभर मदतीला म्हणून आत्या भिलाईला आली. महिन्याचे चार महिने झाले. वहिनी गेली, तेव्हा सुगत चार वर्षांचा होता. आत्याच्या नवऱ्यानं दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा तिनं सांगितलं, ‘पोरगं जरा मोठं होऊ द्या.’ तिसरा निरोप आलाच नाही. पुढं कळलं, त्यानं दुसरी केली. हे मला माझ्या आईनं सांगितलं. आत्या स्वतः याबद्दल कधी बोलली नाही आणि सुगतला तर हे ठाऊकच नसावं. त्याच्या लेखी आत्या म्हणजे घरातच असणारं माणूस. ती सरकारी शाळेत मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करायची, महिन्याला जे मिळायचं, त्यातलंही निम्मं त्याच्या वह्यापुस्तकांना जायचं.

तर आत्यानं दोनशे पानी रजिस्टर आणलं. सातवी शिकलेली, पण अक्षर टपोरं. पहिल्या पानावर तिनं घरातली एकूण एक वस्तू लिहिली. मग मला म्हणाली, ‘‘मोने, सुटी हाय ना तुले? चाल, ट्रान्सपोर्टवाल्यायकडं जाऊन येऊ.’’

आम्ही दोघी पावर हाऊसच्या बाजारात तीन ठिकाणी फिरलो. पहिल्यानं पूर्ण गाडीचे शेहेचाळीस हजार सांगितले. आत्या म्हणाली, ‘‘पूर्न गाडी भरंल एवढं सामान राजाकडं असते. आमचं अर्ध्यातच मावते.’’ दुसरा ऐकेना. तिसरा सरदारजी होता, त्यानं सांगितलं की दुसऱ्या कोणाचं सामान पुण्याला जात असेल तर त्याच गाडीत अर्धी जागा देतो, तेवीस हजार. आत्यानं एकवीसवर आणलं. वर हमाली दोन हजार, आणि सुगतचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, म्हणून तिथल्या चढाईचे पंधराशे. पोती, सुतळी, खोकी वेगळी. खोकी तर तिनं सुपेल्याच्या किराणा दुकानांतून फुकटात जमवली. सुगतनं पंचावन्न हजारांचा अंदाज धरला होता. आत्याचा हिशेब तिसाच्या आत बसला. त्या दिवशी ती फार खूश होती. परत येताना तिनं मला उसाचा रस पाजला.

कूलर विकायचा की न्यायचा, दिवाण जाईल का, गॅसचं कनेक्शन तिकडं कसं करायचं, क्वार्टर रिकामं केल्याचा कागद कोणाकडून घ्यायचा, सगळं ती रजिस्टरात लिहीत गेली. भय्याजी खुर्चीत बसून बघायचे. बोलायचे कमी. मला वाटायचं, नोकरी संपली म्हणून माणूस गप्प झालाय.

सुगतचं घर एका बेडरूमचं, त्यात तो, बायको आणि लेकरं. त्यानं फोनवरून यादी पाठवली, काय आणायचं आणि काय नाही. आत्याचा फोन साधा, म्हणून यादी माझ्या फोनवर आली. मी वाचून दाखवत होते. कपाट हो. दिवाण नाही. पितळेची भांडी हो. बाबांची खुर्ची हो. शिलाई मशीन नाही.

‘‘मशीन कावून नाई?’’ आत्यानं विचारलं.

‘‘जागा नाही म्हणते.’’

‘‘बराबर हाय. दामिनीले शिवनं येत नाई,’’ ती म्हणाली आणि मशीनवर काट मारली. दामिनी म्हणजे सुगतची बायको.

मग तिकिटांची वेळ आली. सुगतचा मेसेज आला, ‘आधार का फोटो भेज दे.’ मी दोघांची आधार कार्डं मागून घेतली, फोटो काढले, पाठवले. पाचच मिनिटांत त्याचं उत्तर आलं. ‘सिर्फ बाबा का चाहिए था.’

आत्या माझ्यासमोर कांदे निवडत बसली होती. ‘‘काय म्हणे?’’

‘‘पोचलं म्हणते,’’ मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून निघाले. घरी जाऊन मी सुगतला फोन लावला. भांडणार होते. तो म्हणाला, ‘‘अरे यार मोना, तू समझ. एक रूम हाय. बाबा हॉलमधे झोपतील. आत्याले कुठं ठेवू? पहले हम लोग सेट हो जाएं, फिर बुला लेंगे ना.’’ बाबांना आधीच सांगितलंय, असंही म्हणाला. म्हणजे भय्याजींना इतके दिवस ठाऊक होतं. घर घेताना त्यांचे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे सुगतनं भरले होते, नाव मात्र त्याचं एकट्याचं. त्या घरात काय होणार, हे सांगायचा हक्क त्यांच्याकडं उरला नव्हता, किंवा त्यांना तसं वाटत होतं.

चार दिवस मी तिकडं फिरकले नाही. पाचव्या दिवशी आत्याच आली. ‘‘खुर्सीपारले एक खोली पायली,’’ म्हणाली. ‘‘अठराशे भाडं. शाळेतून सायकलनं वीस मिनिटं. तू येतं का पाहाले?’’

मला रडू आलं. ती म्हणाली, ‘‘तू नोको रडू. तुझी काय चूक? तू तं खोटं बोलली मले वाईट वाटू नये म्हणून. मले त्याच्या पह्यलेच समजलं होतं. यादीत माया पेटीचं नावच नव्हतं ना.’’

त्याच संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं. मी तिथंच होते, तिनंच मला थांबवलं होतं.

‘‘दादा, मी खुर्सीपारले राहाले जाऊन राहिली. वीस तारखेपासून.’’

भय्याजींनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच पुसत राहिले. मग म्हणाले, ‘‘अंजना, मले सांगाचं होतं. रोज सकाळी वाटे, आज सांगतो.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग तू चहा आनून देत होती.’’

ते पुढं म्हणाले, ‘‘सुगत म्हनते, सेट झालो का आत्याले बोलावू.’’

‘‘होऊ द्या सेट,’’ ती म्हणाली. ‘‘मी कुठं नाई म्हनते? पर गाडी वीस तारखेची ठरली हाय. त्याच्या आंधी कपाटाचं लॉक दुरुस्त करून घ्या लागते, नाई तं रस्त्यात पल्ले उघडतीन.’’

ती मागं सरली नाही. उरलेले सगळे दिवस तिनं त्याच निगुतीनं सामान बांधलं. बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो नव्या चादरीत गुंडाळला आणि त्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘वरती ठेवा’ लिहिलं. सुगतच्या आईची दोन लुगडी होती, ती वेगळी बांधली. लोणच्याची बरणी ट्रकमध्ये सांडेल म्हणून भय्याजींच्या पिशवीत दिली. वीस तारखेला ट्रक आला, हमालांवर ती उभी राहून नजर ठेवत होती. ट्रक गेल्यावर तिची पेटी, मशीन, एक स्टोव्ह आणि अंथरूण एका ठेल्यावर मावलं. कूलर आणि दिवाण विकून सात हजार आले होते. भय्याजींनी ते तिच्या हातावर ठेवले. तिनं खोलीच्या डिपॉझिटपुरते दोन हजार घेतले, बाकीचे परत दिले. ‘‘रस्त्यानं लागते,’’ म्हणाली.

दुर्ग स्टेशनवर मीही गेले होते. गाडी हलेपर्यंत भय्याजी दारात उभे होते. आत्या त्यांना बीपीच्या गोळीची वेळ सांगत होती.

पुढं वर्षभर रोज चार वाजता त्यांचा फोन यायचा. एकच बोलणं. इथं बोलायला कोणी नाही, सगळे कामावर जातात, खाली उतरायचं तर तीन मजले. आत्या ऐकून घ्यायची. सुगतचा फोन दिवाळीला आला, नंतर चौदा एप्रिलला. बोलावण्याचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही.

सव्वा वर्षानं भय्याजी आले. प्लांटच्या मेडिकल कार्डाचं काम होतं, दोन दिवसांचं. ते अकरा दिवस राहिले, आत्याच्या त्या एका खोलीत. मी भेटायला गेले तर ओळखू येईनात, इतके वाळले होते. पण गल्लीत त्यांना जुने दोघे-तिघे भेटले होते, प्लांटमधलेच, आणि ते दारात बसून त्यांच्याशी खळखळून हसत होते.

आठव्या दिवशी ते म्हणाले, ‘‘अंजना, मी आता जात नाई. एथंच राहातो.’’

आत्या आधी हसली. मग तिला कळलं की ते खरंच म्हणताहेत. तिनं मला फोन करून बोलावलं. आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला. त्यांची पेन्शन सहा हजार आठशे. तिचे शाळेचे दोन हजार, दोन घरच्या पोळ्यांचे तीन. दोन खोल्यांचं घर साडेतीन हजारांत, खाण्याचे पाच, लाईट-गॅस बाराशे, गोळ्या आठशे. महिन्याला तेराशे उरत होते. आत्यानं तीनदा बेरीज केली.

‘‘कपाट आनाचं का?’’ तिनं विचारलं.

‘‘राहू दे तिथंच. मी अन् माया कपड्यायची बॅग. बस.’’

असं ठरलं की भय्याजींनी पुण्याला जायचं, सुगतशी समोरासमोर बोलायचं, पेन्शनच्या बँकेचं काम करायचं आणि महिन्याभरात यायचं. आत्यानं त्याच आठवड्यात जुनी खोली सोडली आणि पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. डिपॉझिटसाठी तिनं मशीन विकलं. पुढच्या खोलीत भावासाठी खाट टाकली, खिडकीला पडदा शिवायचा तर मशीन नव्हतं, म्हणून हातानं शिवला.

महिना झाला. भय्याजी फोनवर म्हणाले, ‘‘पावसाळा जाऊ दे.’’ मग म्हणाले, लेकरांच्या परीक्षा आहेत. मग म्हणाले, ‘‘दामिनीले दुसरी नोकरी लागली, लेकरायले शाळेतून आनाले कोनी नाई. मले म्हनते, बाबा तुम्ही गेले तं आमी काय कराचं?’’

‘‘मंग तुमी काय म्हटलं?’’ आत्यानं विचारलं.

पलीकडून ते म्हणाले, ‘‘काय म्हनू? पोरगा हाय.’’

मी त्या वेळी तिच्यासमोर बसले होते. माझ्या मनात आलं, ती आता तरी सुनावेल. एकोणतीस वर्षांपूर्वी एका पोरासाठी तिनं स्वतःचं घर सोडलं होतं, ते तरी काढेल. ती म्हणाली, ‘‘बरं. पोरायले रस्त्यात हात धरून चालवत जा. तिकडं गाड्या लई असते.’’

त्या दोन खोल्यांचं भाडं तिनं पाच महिने भरलं. तिसऱ्या घरच्या पोळ्याही धरल्या. मी सोडून दे म्हणत होते, ती म्हणायची, एखाद वेळेस येतीन. जानेवारीत मालकानं भाडं वाढवलं तेव्हा तिनं घर सोडलं. जुनी खोली तोवर दुसऱ्याला गेली होती. आता ती चरोद्याला राहते, एका रेल्वेवाल्याच्या मागच्या खोलीत. शाळा तिथून लांब पडते, म्हणून ते कामही सुटलं.

मागच्या रविवारी गेले होते. चार वाजले, फोन वाजला नाही. मी म्हणाले, ‘‘आज आला नाही का?’’

‘‘आता रोज नाई येत,’’ ती म्हणाली. ‘‘लेकरायची सुटायची वेळ असते ना चारची.’’ आणि उठून तिनं माझ्यासाठी पोहे भिजवले.