एकट्या बुटातली वाळू

माळा आवरताना एकट्या बुटातून वाळू सांडली आणि उरणचा किनारा आठवला. वाळूत चालायला दुप्पट ताकद लागते, वजन लवकर उतरतं, म्हणून नवऱ्याने मला तिथे नेलं होतं. थोड्याच वेळात माझे पाय भरून आले. ओहोटीची ओली, चकचकीत वाळू घट्ट दिसली म्हणून तिकडे वळले, तर खाली चिखल! गुडघ्यापर्यंत रुतले. ओढावा तसा पाय आणखी खाली जायचा, आणि जोर तर वाळूनेच संपवलेला. मी दोन्ही हात हलवले. लांबून नवरा ओरडला, "शाब्बास! असेच गुडघे उचल!" शेवटी शिंपल्या वेचणारी एक बाई धावत आली. "पाय वढू नको गो, आडवी हो!" आडवी झाले, सुटले; एक बूट आतच राहिला. अजूनही कुणी शाब्बास म्हटलं की माझे पाय थिजतात.