गायरानातला पॉइंट

सेनगाव तालुक्यातल्या गायरानांचे नकाशे मोबाईलवर चढवायचं कंत्राटी काम मी दोन वर्षं केलं. काम म्हणजे काय, हद्दीच्या कडेनं उन्हात चालायचं, वळणावळणावर थांबून जीपीएसचा पॉइंट घ्यायचा, आत काय आहे ते अ‍ॅपमध्ये निवडायचं आणि फोटो जोडायचा. घरचे लोक पाहुण्यांना सांगायचे, पोरगं सॅटेलाइटचं काम करतंय. डोंबलाचं सॅटेलाइट. पायांची नुसती चाळण झाली होती.

एका तांड्यावर एक मावशी माझ्यासोबत चालत आली. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊनच आली. गायरानाच्या उतारावर बोरीचं एक झुडूप होतं. तिथं तिनं चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या. लग्न न झालेल्याला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तांड्यातल्या लहान लेकरांची जागा हीच, असं तिनं सांगितलं. वर ना दगड, ना ओटा. सुरुवातीला कुत्र्यांच्या भीतीनं काटे टाकतात, पुढं तेही राहत नाहीत. तिचं पोरगं चार वर्षांचं असताना तापानं गेलेलं. बोरीपासून उगवतीकडं सात पावलं. ती मोजत गेली आणि उभी राहिली.

"इथं घ्या तुमचा पॉइंट," ती म्हणाली. "सरकारच्या नकाशात आलं म्हंजे कुनी हात लावनार न्हाई."

मी घेतला. 'दफनभूमी' निवडलं, फोटो काढला, आलं म्हणून सांगितलं. स्क्रीनवरचा लाल ठिपका तिनं बराच वेळ पाहिला. मग घरी नेऊन कोरा चहा पाजला.

चार दिवसांनी त्या गावाचा नकाशा ऑफिसातल्या साहेबांकडून शेरा मारून परत आला. फोटोत काहीच दिसत नाही, जागा रिकामी आहे, दुरुस्त करा. खोटं नव्हतं, फोटोत खरंच काही दिसत नव्हतं. साहेबांना फोन करून समजावता आलं असतं, कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण कोण डोकं लावत बसणार? वारंगा फाट्यावर चहाच्या टपरीवर बसून मी तो पॉइंट पुसला आणि तिथं 'पडीक' निवडलं. वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही वाटलं. अजून पाच गावं अंगावर होती. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच गायरानावर झाडं लावली. नकाशात पडीक होतं, लावणारच. रोपांचे पॉइंट घ्यायला मलाच पाठवलं. उतार सगळा मशीननं सारखा केलेला, ओळीनं खड्डे, खड्ड्यांत करंज आणि कडुनिंब. बोरीचं झुडूप कुठं होतं तेही कळत नव्हतं.

मावशी तिथंच उभी होती. शिव्या खायची तयारी करूनच मी गाडी लावली, पण ती भांडली नाही. मशीन आली तेव्हा ती ऊसतोडीला गेली होती, परत आली तर सगळं असं. बोरच राहिली नाही, आता पावलं कुठून मोजू, एवढंच तिचं म्हणणं.

"भाऊ, तुमच्या मोबाईलात तर बराबर हाय ना? कोनत्या झाडाखाली हाय, तेवढं दाखवा."

मी अ‍ॅप उघडलं. पॉइंट नाही हे माहीत असून नकाशा इकडून तिकडं सरकवत राहिलो. पुसला म्हणून सांगायचं होतं, देवाशप्पथ सांगायचं होतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती, मोबाईलकडं बघून राहिली होती. मी चालायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत एका करंजापाशी थांबलो. इथंच, म्हणालो.

ती बुडाशी बसली. मातीवर हात ठेवला. रडली नाही, मलाही काही झालं नाही. थोड्या वेळानं तिनं तांड्याकडं तोंड करून हाक दिली. आणखी तीन बाया आल्या आणि माझ्यापुढं उभ्या राहिल्या. त्यांचीही लेकरं तिथंच होती.

मी पुन्हा मोबाईल काढला.