दहावी ड आणि माझा गुडघा

मी एक अख्खं शैक्षणिक वर्ष खोटं लंगडले. रविवार आणि सुट्ट्या सोडून, जूनपासून थेट परीक्षेपर्यंत.

हे आज लिहायला बसण्याचं कारण माझी नात. ती बी.एड. करते आहे. परवा कसल्याशा प्रशिक्षणाहून आली आणि चपला काढता काढता मला शिकवू लागली, "आजी, शिक्षकाने आपला कम्फर्ट झोन सोडला तरच तो वाढतो."

मी म्हटलं, "तो सोडावा लागू नये म्हणून तुझ्या आजीने वर्षभर गुडघ्याला पट्टा बांधला होता."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी फिरकी घेते आहे.

शाळा नौपाड्यातली. मी गणित शिकवायचे. तेव्हा तुकड्या सरळ मार्कांवर पाडत. अ म्हणजे हुशार, मग ब, मग क, आणि ड म्हणजे उरलेली. दहावी अ तळमजल्यावर ऑफिसला लागून, दहावी ड तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली. मार्क जितके कमी तितके जिने जास्त, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नसे. ड मधली बरीच मुलं खाडीपलीकडून, कळव्याहून यायची. मी कायमची दहावी अ ची. निकाल शंभर टक्के, स्टाफरूममध्ये खुर्ची पंख्याखाली, आणि चालण्यात असा ताठा की शून्याचा शोध आमच्या माहेरच्याच कोणीतरी लावला असावा.

आता खरं सांगायला हरकत नाही. अ ची मुलं सकाळी क्लासला जाऊन धडा शिकून यायची आणि मग शाळेत माझ्यासमोर बसून तोच पुन्हा ऐकायची. मी फळ्यावर पहिली ओळ लिहिली की ती शेवटची सांगायची. याला मी माझं शिकवणं म्हणत असे.

एकदा नववी ड वर ऑफ तास आला. कोणी बाई रजेवर होत्या. मी वर गेले, खडू घेतला, पूर्णांकांची उदाहरणं घातली. दुसऱ्या बाकावरची, दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, ऋणाला ऋणाने गुणलं तर धन का होतं?"

"तसा नियम आहे."

"हो बाई, पण का आहे?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी पाढे पाठ कर. मग 'का' विचारायला ये." वर्ग हसला. ती खाली बसली, पण वही उघडीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी अजून काही सांगेन असं तिला वाटत होतं.

पुढच्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी बोलावलं. "यंदा दहावी ड तुम्ही घ्या. अ कोणाच्याही हातून पास होते. ड ला अनुभवी माणूस हवं."

माझ्या डोळ्यांसमोर त्या दोन वेण्या आल्या. जीभ डोक्याआधी धावली. "घेतलं असतं हो, पण गुडघा! तीन जिने रोज? डॉक्टर नाहीच म्हणालेत."

कुठले डॉक्टर, कोण जाणे. मोठ्या बाईंनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मीही पाहिलं, आणि बिचारा त्या क्षणापासून दुखू लागला.

खोटं बोलणं सोपं, ते चालवणं कठीण. मला तर ते अक्षरशः चालवावं लागलं. घरून, खोपटहून, मी झपाझप यायचे. शाळेच्या अलीकडे औषधांच्या दुकानाचा कोपरा होता, तिथे पोचले की लंगडी. सुटल्यावर त्याच कोपऱ्यावर बरी. वास यावा म्हणून मलम चोळायचे. एका सहकारी बाईंनी मायेने निर्गुडीचा पाला आणून दिला, तोही रात्री उकळला, कारण उद्या विचारणार. आमचे हे चहा पिता पिता वर्तमानपत्राआडून विचारायचे, "आज कुठला? डावा की उजवा?" मी चिडायचे. चिडायचे, कारण बऱ्याचदा मला आठवत नसे.

दहावी ड नुकत्याच लागलेल्या एका तरुण बाईंना दिली. त्या मनापासून शिकवत, पण दिवाळीनंतर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मग जो मोकळा असेल तो वर जायचा. बहुतेक वेळा पीटीचे सर. ते वर्ग गप्प बसवायचे आणि स्वतःही गप्प बसायचे.

वेणीवालीने मात्र माझी पिशवी धरली. शब्दशः. सकाळी फाटकाशी उभी असायची. मी लंगडत आले की, "द्या बाई," म्हणून पिशवी घ्यायची आणि स्टाफरूमपर्यंत आणून ठेवायची. तेवढ्या वाटेत एखादं गणित विचारायची. मी म्हणायचे, "मधल्या सुट्टीत ये." मधल्या सुट्टीत ती आली की माझा डबा उघडलेला असायचा. तिला नर्स व्हायचं होतं. हे मला तिनेच त्या वाटेत सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, "वा, छान." एवढंच.

एक दिवस ती चार-पाच जणांना घेऊन स्टाफरूमच्या दारात आली.

"बाई, तुम्ही वर येऊ नका. आम्ही खाली येतो."

"खाली कुठे?"

"चित्रकलेचा वर्ग शेवटच्या तासाला मोकळा असतो. मोठ्या बाईंना विचारलंय. बाकं आम्ही लावू."

मागून एक मुलगा म्हणाला, "फळापण पुसून ठेवू बाई."

अख्खी स्टाफरूम ऐकत होती. जिना गेला, मजले गेले, माझ्याकडे एकही सबब उरली नाही. तेव्हा मी जे बोलले ते आजही भाजी निवडताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो. मी म्हटलं, "शेवटच्या तासाला माझा गुडघा जास्तच ठणकतो गं."

"मग पहिल्या तासाला?"

"पहिल्या तासाला अ आहे."

ती म्हणाली, "बरं बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी होती. पिशवी घेतली, पण गणित विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

दहावी अ चा निकाल नेहमीसारखा लागला आणि पेढे वाटले गेले. ड मधली निम्म्याहून जास्त मुलं गणितात गेली. तीही गेली. नव्या वर्षी ड दुसऱ्या कोणाला तरी मिळाली आणि माझा गुडघा हळूहळू बरा झाला. निर्गुडीचा गुण म्हणून मी सगळ्यांना सांगितलं.

त्या 'का'चं उत्तर मला निवृत्तीनंतर सापडलं. धाकटा नातू पॅसेजमध्ये पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उलटा चालत माझ्याकडे येत होता आणि खिदळत होता. म्हटलं, अगं बाई, हेच की! तोंड उलटं फिरवलं, चाललाही उलटा, आणि पोरगा आला पुढेच. एवढंच सांगायचं होतं त्या मुलीला. चित्रकलेच्या वर्गात बाकांमधून एकदा चालून दाखवलं असतं तरी पुरलं असतं. आणि तेव्हा येत नव्हतं, तर "मलाही माहीत नाही, उद्या शोधून येते," म्हणता आलं असतं. तेवढं म्हणायला मी घाबरले, आणि त्यासाठी वर्षभर लंगडले.

मागच्या पावसाळ्यानंतर नौपाड्यात भाजी घेत होते. कोणीतरी हातातली पिशवी ओढली. मी ओरडले, "ए, सोड!"

"बाई, मी. दहावी ड."

वेण्या गेल्या होत्या, केसांना मागे क्लिप होती. एका दवाखान्यात केसपेपर काढते म्हणाली. ऑक्टोबरला पुन्हा बसली होती, पुन्हा गणितच राहिलं. मग घरच्यांनी लग्न ठरवलं. हे सगळं तिने वांग्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं. मुलगी आता दहावीत आहे. "गणित कच्चंय बाई. माझ्यासारखंच."

"माझ्याकडे पाठव."

"नाही जमणार. मी ड्यूटीवरून येईपर्यंत ती भावाला सांभाळते." मग घाईघाईने, "राहू द्या बाई. तुम्ही नका त्रास घेऊ. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही."

नशीब पण काय चेष्टा करतं बघा. आता माझे दोन्ही गुडघे खरेच गेलेत. डॉक्टरही खरे आहेत, आणि जिने चढू नका असं त्यांनी खरंच सांगितलंय. सबब आयुष्यात पहिल्यांदा खरी होती, आणि ती वापरायची मला लाज वाटली.

"येते," म्हटलं.

पहिल्या दिवशी ती मला घ्यायला खाली थांबली होती. पिशवी तिने घेतली. पहिला मजला तोऱ्यात चढले. दुसऱ्याला कठडा धरला आणि पायरीवरच बसले. वरून तिच्या मुलीचा आवाज आला, "आई, आल्या का?" श्वास लागला होता, तरी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अगं, तेव्हा ना, शाळेत, माझा गुडघा दुखत नव्हता. खोटं होतं ते."

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"माहितीये बाई. पहिल्याच आठवड्यात कळलेलं सगळ्या वर्गाला, तुम्ही पाय बदलायच्या ना. आम्ही खाली येतो म्हटलेलं ते गुडघ्यासाठी नव्हतं. म्हटलं, तुम्हाला खरं न बोलताच यायला मिळावं."